कोळशाच्या केटल ग्रिलवर पोर्क रिब्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ग्रिल घेऊन आठ महिने झाले. तेवढ्यात तिच्यावर 23 वेळा पोर्क रिब्स, म्हणजे डुकराच्या बरगड्या, धुरावल्या (मंद आचेवर धुरात शिजवल्या). दर वेळी वहीत वेळ, तापमान, कोळसा आणि चव यांची नोंद ठेवली, म्हणून आकडा नेमका सांगता येतो. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसती तक्रार झाली असती, आणि दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक. आता ग्रिलही कळली आहे आणि तिच्या मर्यादाही.

माझी ग्रिल केटल प्रकारची आहे. 57 सेंटीमीटर व्यासाचं इनॅमल चढवलेलं पोलादी भांडं, तसंच घुमटासारखं झाकण, तीन पाय, तळाला हवेच्या झडपा आणि झाकणावर एक झडप. पंखा नाही, वीज नाही, तापमान आपोआप धरून ठेवणारं काहीही नाही. हा आकार 1952 साली जॉर्ज स्टीफन यांनी काढला. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये ते काम करत आणि तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. बोयाच्या एका अर्ध्या गोलाचं त्यांनी भांडं केलं आणि दुसऱ्याचं झाकण. उघड्या शेगडीवर वारा आणि राख यांचा त्रास होतो म्हणून त्यांना झाकण हवं होतं. रिब्स धुरावताना त्या झाकणाचं मोल मला वेगळ्या कारणाने कळलं. झाकण बसलं की आत जाणारी हवा आपल्या ताब्यात येते, आणि कोळशाच्या विस्तवावर ताबा मिळवायचा तर हवेवाचून दुसरा मार्ग नाही.

हे कळायला मला चार वेळा रिब्स बिघडवाव्या लागल्या.

पहिल्या वेळी भाजणीला भरतात तसा भांडंभर कोळसा भरला, सगळा पेटवला, निखारे एका बाजूला लोटले आणि दुसऱ्या बाजूला रिब्स ठेवल्या. अर्ध्या तासात आतलं तापमान 190 अंश सेल्सिअसवर गेलं. मला हवं होतं 107 ते 121, म्हणजे अमेरिकन पाककृतींमधलं 225 ते 250 फॅरनहाइट. घाबरून वरखालच्या सगळ्या झडपा बंद केल्या. विस्तव गुदमरला, पांढरा दाट धूर आत कोंडला आणि तोच मांसावर बसला. वरून काळ्या आणि आतून चिवट रिब्स झाल्या, जिभेवर काजळीचा कडवटपणा राहिला. दुसऱ्या वेळी कोळसा कमी घेतला, तर दीड तासात विस्तव मंदावला. मग वरून न पेटलेला कोळसा टाकला आणि पुन्हा तोच पांढरा धूर झाला.

पाचव्या वेळी कोळशाचा साप मांडला आणि तिथून गाडी रुळावर आली. ब्रिकेट्स (दाबलेल्या कोळशाच्या वड्या) भांड्याच्या कडेने रांगेत लावायच्या, खाली दोन आणि त्यांच्या खाचेवर एक. अर्ध्याहून थोडा जास्त घेर भरला की पुरतो, मला 60 ते 70 ब्रिकेट्स लागतात. मग 8-10 ब्रिकेट्स वेगळ्या पेटवून फक्त एका टोकाला ठेवायच्या. विस्तव वातीसारखा पुढे सरकत जातो, एका वेळी थोडाच कोळसा जळतो, आणि मधे कोळसा न टाकता पाच-सहा तास निघतात. उरलेल्या मोकळ्या जागेत पाण्याचा पसरट ट्रे आणि त्याच्या वर जाळीवर रिब्स. पाणी उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे तापमानाची चढउतार सौम्य होते आणि आतली हवाही फार कोरडी पडत नाही. ट्रेमध्ये चरबी ठिबकते, म्हणून नंतर भांडं घासायचे कष्टही वाचतात.

झडपांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण रिब्स बिघडतात त्या बहुतेक इथेच. वरची झडप मी अर्धी किंवा पूर्ण उघडी ठेवते आणि नेहमी मांसाच्या डोक्यावर, कोळशाच्या विरुद्ध बाजूला. त्यामुळे धूर मांसावरून जाऊन बाहेर पडतो. ती बंद केली की धूर कोंडतो आणि चव बिघडते. तापमान राखायचं खालच्या झडपेने. माझ्या ग्रिलवर खालची झडप साधारण पाव उघडी असली की 110 ते 118 च्या आसपास राहतं. मात्र झडप फिरवल्याचा परिणाम दिसायला 10-15 मिनिटं लागतात. सुरुवातीला मी दोन मिनिटांत पुन्हा फिरवायचे, मग पुन्हा उलटी, आणि तापमान दोन्हीकडे झोके घ्यायचं. आता केसाएवढी फिरवते आणि हात मागे घेते.

तापमान चढवणं सोपं आहे, एकदा वर गेलं की उतरवणं महाकठीण. एकदा पेटलेला कोळसा झडप बंद केली म्हणून लगेच विझत नाही, आणि तापलेलं भांडंही उष्णता सोडत राहतं. 140 वर गेलेली ग्रिल 115 वर यायला मला 40 मिनिटं लागली आहेत. म्हणून चढत असतानाच धरायचं. 90 अंश झाले की मी खालची झडप आवरायला लागते. आणि झाकण सारखं उघडायचं नाही. उघडलं की हवा गार होते आणि काटा खाली येतो, पण त्याच वेळी निखाऱ्यांना भरपूर हवा मिळते. झाकण लावल्यावर काटा आधीपेक्षा वर जाऊन बसतो. नव्याने करणारा माणूस उतरलेला काटा बघून झडप उघडतो आणि मग तापमान सुटतं. मीही तेच केलं होतं.

काटा म्हणजे तरी कुठला? झाकणावरच्या गोल थर्मामीटरवर मी दोन महिने विश्वास ठेवला. तो घुमटाजवळच्या हवेचं तापमान सांगतो, रिब्स जिथे आहेत तिथलं नाही. मी जाळीवर वेगळी सुई लावली तेव्हा दोन्हींत कधी 15, तर कधी 30 अंशांचा फरक निघाला. झाकण कसं फिरवून बसवलं यावरही तो बदलतो, कारण थर्मामीटर कोळशाच्या वर आला की आकडा उगाच मोठा दिसतो. तेव्हा माझं ठाम मत असं, की ग्रिल साधी घ्या, पण दोन सुयांचा डिजिटल थर्मामीटर आधी घ्या. हवेची सुई जाळीच्या पातळीवर, मांसापासून चार-पाच सेंटीमीटर दूर लावायची. मांसाला चिकटून लावली तर गार मांसाजवळची हवा मोजली जाते आणि आकडा कमी येतो. सुई पारखायची तर उकळत्या पाण्यात बुडवून बघायची. समुद्रसपाटीला 100 दाखवायला हवेत, उंचावर त्याहून थोडे कमी.

कोळसा मी दोन्ही प्रकारचा वापरून पाहिला. लाकडी कोळशाचे ओबडधोबड तुकडे लवकर पेटतात, जास्त तापतात आणि राख कमी करतात. पण तुकडे लहानमोठे असल्यामुळे त्यांचा साप नीट लागत नाही, विस्तव कुठे अडतो तर कुठे उडी मारतो. ब्रिकेट्स म्हणजे कोळशाचा चुरा स्टार्चने बांधून दाबलेल्या वड्या. राख भरपूर होते, पण सगळ्या एका मापाच्या. रिब्ससाठी मी आता त्याच वापरते. आत पेटवणारं द्रव मुरवलेल्या झटपट ब्रिकेट्स मात्र सापात अजिबात वापरू नयेत. साध्या भाजणीत सगळा कोळसा आधी पेटतो आणि द्रव जळून जातं. सापात दर काही मिनिटांनी नवी ब्रिकेट पेटते, म्हणजे शेवटपर्यंत त्या द्रवाचा वास मांसाला लागत राहतो. माझी एक अख्खी खेप त्यात गेली. आता पत्र्याच्या चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या उभ्या नळकांड्यात, खाली कागद पेटवून कोळसा फुलवते. 15 मिनिटांत कडांवर राखाडी थर येतो आणि कोळसा तयार होतो.

धुराचं लाकूड म्हणजे मुठीएवढे कोरडे तुकडे, तीन किंवा चार. सापाच्या पहिल्या अर्ध्या भागावर अंतराअंतराने ठेवते. लाकूड पाण्यात भिजवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. मी भिजवून आणि न भिजवता दोन्ही करून पाहिलं. जाड तुकड्यात पाणी फारसं शिरत नाही, वरचं पाणी आधी वाफ होऊन जातं, आणि तोवर लाकूड धुमसतच नाही. कोरडंच बरं. लाकडातलं लिग्निन तापून फुटतं तेव्हा ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही संयुगं तयार होतात, आणि धुराची जी चव आणि वास आपण ओळखतो त्याचा मोठा भाग त्यांचाच असतो. पण लाकूड हवेअभावी कोंडून धुमसलं तर सोबत कडू डांबरी पदार्थही येतात. म्हणून धुराचा रंग बघावा लागतो. पांढरा, लोळ उठणारा धूर असला की थांबायचं. तो विरळ आणि निळसर झाला, जेमतेम दिसेनासा झाला, की रिब्स ठेवायच्या. धूर दिसत नाही म्हणून आणखी लाकूड घालण्याचा मोह मला फार व्हायचा. जवळ नाक नेलं की सुवास येतच असतो.

लाकडांत हिकरी दमदार आहे, पोर्कला शोभते, पण तिचे दोन तुकडे पुरतात. ओक त्याहून सौम्य. सफरचंद आणि चेरी हलकी, गोडसर. माझी आवडती जोडी म्हणजे चेरीचे दोन आणि हिकरीचा एक तुकडा. मेस्कीट रिब्सना मला उग्र वाटलं. पाइनसारखं राळेचं लाकूड, किंवा रंग नाहीतर रसायन लावलेलं लाकूड कधीही वापरू नये.

आता मांस. बेबी बॅक रिब्स डुकराच्या पाठीकडच्या, कण्याजवळच्या. लहान, वाकड्या, कमी चरबीच्या, आणि माझ्याकडे साडेचार तासांत होणाऱ्या. स्पेअर रिब्स पोटाकडच्या, सपाट, जास्त चरबीच्या. त्यांचा छातीच्या हाडाकडचा आणि कूर्चेचा भाग कापून आयताकृती पट्टी केली की तो सेंट लुईस कट. मला हाच सगळ्यात आवडतो. जाडी एकसारखी असल्यामुळे सगळी पट्टी एका वेळी शिजते, आणि चरबीमुळे तापमानात थोडी चूक झाली तरी मांस सुकत नाही. कापून उरलेले तुकडेही जाळीवर कोपऱ्यात ठेवायचे. ते आधी होतात, वाट बघणाऱ्यांच्या हातावर ठेवता येतात.

हाडांच्या बाजूचा पापुद्रा काढायचाच. तो शिजून मऊ होत नाही, चामड्यासारखा दातात येतो. मधल्या एखाद्या हाडावर चमच्याचं टोक खाली सरकवायचं, थोडा सुटला की कागदी टिश्यूने घट्ट धरून ओढायचा. बोटांनी धरला तर निसटतो. मीठ आदल्या रात्री लावते, हाडासकट वजनाच्या किलोमागे 7-8 ग्रॅम. मीठ आत मुरतं. लसूण पूड, पॅप्रिका, मिरे, ब्राउन शुगर हे सगळं मुख्यतः वरच राहतं, म्हणून ते ग्रिलवर ठेवण्याआधी लावलं तरी चालतं. मिठाचा हिशेब वेगळा ठेवल्यापासून एकही खेप खारट झालेली नाही.

शिजवण्याची 3-2-1 ही पद्धत तुम्हीही वाचली असेल. 3 तास उघड्या, 2 तास फॉइलमध्ये बांधून, शेवटचा 1 तास सॉस लावून पुन्हा उघड्या. मी ती सहा वेळा केली. दर वेळी मांस इतकं मऊ झालं की उचलताना हाडं नुसती निसटून हातात आली, आणि वरची खरपूस काळपट पापडी फॉइलमधल्या वाफेने ओली होऊन गेली. माझ्या ताईला त्याच आवडल्या. ती म्हणाली, "अगं, दाताला काही कष्टच नाहीत, अशाच करत जा." माझा जीव मात्र पापडीत अडकलेला. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी या अमेरिकेतल्या संस्थेच्या स्पर्धांमध्येही चावा घेतला तिथलंच मांस सुटावं, बाकीचं हाडाला राहावं, अशी अपेक्षा असते. घरी अर्थात खाणाऱ्याची आवड मोठी. त्यामुळे ताई येणार असेल तर एक पट्टी दीड तास बांधते आणि दुसरी शेवटपर्यंत उघडी ठेवते.

उघड्या ठेवलेल्या रिब्सना सेंट लुईस कटमध्ये माझ्याकडे साडेपाच ते सहा तास लागतात. मधे एक टप्पा येतो तेव्हा मांसाचं तापमान 65-75 च्या दरम्यान रेंगाळतं. पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि घामासारखं मांस गार ठेवतं, हे त्याचं कारण. जाड मांसाइतका हा मुक्काम रिब्समध्ये लांबत नाही. दर अर्ध्या तासाने झाकण उघडून सफरचंदाचा रस फवारत होते तेव्हा मात्र तोही लांबला आणि एकूण वेळ जवळजवळ तासभर वाढला. आता पापडी कोरडी पडलेली दिसली तर एकदाच फवारते.

झाल्या हे घड्याळावरून ठरवू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेनुसार पोर्कचे अखंड तुकडे 63 अंशांना, 3 मिनिटं विसावल्यावर खायला सुरक्षित असतात. पण त्या तापमानाला रिब्स चिवटच असतात. हाडांभोवतीचं कोलॅजेन हे चिवट प्रथिन विरघळून जिलेटिन व्हायला वरचं तापमान आणि बराच वेळ, दोन्ही लागतं. माझ्या रिब्स 90 ते 95 च्या दरम्यान होतात. हाडांच्या मधे मांस इतकं कमी असतं की सुई हाडाला लागून आकडा चुकतो. त्यापेक्षा चिमट्याने पट्टी एका टोकापासून तिसऱ्या-चौथ्या हाडापर्यंत धरून उचलावी. ती कमानीसारखी वाकली आणि वरच्या पापडीला भेगा पडल्या की झाल्या. नुसतीच लवली तर अजून अर्धा तास. हाडांची टोकंही सेंटीमीटरभर उघडी पडलेली असतात, पण तेवढ्यावर मी उतरवत नाही.

कापल्यावर कडेला दिसणारा गुलाबी पट्टा बघून कोणी कच्चं आहे का विचारलं तर काळजी करू नका. धुरातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाला रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाला चिकटून तो रंग टिकतो. दिसायला सुरेख, चवीशी संबंध नाही.

सॉस शेवटच्या 20-25 मिनिटांत, दोन पातळ हात. 115 अंशांना साखर जळत नाही, पण निखाऱ्यांच्या थेट वर पट्टी आली तर पाच मिनिटांत काळी कडू होते. दहाव्या खेपेनंतर अर्ध्या रिब्स मी सॉसशिवायच ठेवते, अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या कोरड्या रिब्ससारख्या नुसत्या मसाल्याच्या. धूर नीट लागला असेल तर तिथेच त्याची चव कळते.

ग्रिलच्या तक्रारी सांगायलाच हव्यात. झाकण भांड्यावर तंतोतंत बसत नाही, एका बाजूने धूर निसटतो. पहिल्या चार-पाच खेपांत त्यामुळे तापमान आवरत नव्हतं. पुढे कडेला धुराचा चिकट थर जमून फट बरीचशी बुजली, म्हणून ती कड मी घासत नाही. वारा असला तर हिशेब चुकतो. थंडीने कोळसा थोडा जास्त लागतो एवढंच, पण खालच्या झडपेत वारा शिरला की तापमान 20-25 अंश उसळतं. त्या बाजूला लाकडी आडोसा करू नये, धातूचा पत्रा ग्रिलपासून दूर उभा करावा. कोळशाची खालची जाळी सातव्या महिन्यात मधून वाकली आणि तिच्यावर गंज चढला. वरची जाळी ठीक आहे. खालची झडप डांबराने जाम होते, दर तीन-चार खेपांनी खरवडावी लागते. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे गळायला लागले तेव्हा रंग उडतोय असं वाटून मी हबकले होते. तो रंग नसून साठलेली चरबी आणि काजळी असते, पितळी ब्रशने निघते. पण मांस ठेवण्याआधीच काढा.

राख आत तशीच राहू देऊ नये. तिला ओल लागली की ती क्षारयुक्त होऊन धातू खाते. माझ्या राखेच्या थाळीला एका पावसात तसे डाग पडले. मात्र घाईही नको, वरून गार वाटणाऱ्या राखेत निखारा दडलेला असतो. मी दोन दिवस थांबते आणि धातूच्या डब्यातच काढते. आणि हे सगळं उघड्यावरच करायचं. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅरेजमध्ये, बंद व्हरांड्यात किंवा दार उघडं ठेवून घरात, कुठेही नाही, आणि विझत आलेली ग्रिलही आत आणायची नाही.

जागेची मर्यादा खरीच आहे. साप मांडल्यावर दोन पट्ट्या आडव्या मावतात, उभ्या लावायच्या स्टँडवर तीन, पण मग त्या मधे फिरवाव्या लागतात. आठ-दहा जणांना एका वेळी पोटभर द्यायचं असेल तर ही ग्रिल अपुरी पडते. सहा तास घराबाहेर जायचं असेल तर त्या दिवशी रिब्स लावू नयेत. मी पहिला दीड तास तिच्याजवळ असते, नंतर थर्मामीटर सोबत घेऊन घरातली कामं करते.

रिब्स उतरल्यावर वरखालच्या झडपा पूर्ण बंद करते. उरलेला कोळसा विझतो आणि पुढच्या खेपेच्या सापात लागतो. माझ्या 23 खेपांत कोळशाची खूप बचत यामुळेच झाली. सध्या फक्त खालची जाळी बदलायची आहे. या वेळी जाड सळईची मागवली आहे.